कृष्णद्रव्य सापडत नाही, मग ते आहे हे कशावरून?

प्रश्न: मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. कृष्णद्रव्याचा, म्हणजे डार्क मॅटरचा विषय निघाला की मुलं हटकून विचारतात: इतकी वर्षं शोधून एक कणही हाती लागलेला नाही, मग ते आहे असं शास्त्रज्ञ कशाच्या जोरावर सांगतात? गुरुत्वाकर्षणाचं सूत्रच मोठ्या अंतरांवर चुकत असेल तर? हे प्रकाशाचं माध्यम म्हणून मानलेल्या ईथरसारखंच झालं नाही का? आणि ते सगळीकडे असेल, तर सूर्यमालेत त्याचा परिणाम का दिसत नाही?

उत्तर:

मुलांना आधी एवढं सांगा, की त्यांनी दोन प्रश्न एकात गुंफलेत. दीर्घिकांमध्ये, म्हणजे गॅलेक्सींमध्ये, न दिसणारं वस्तुमान आहे का, हा एक. आणि ते कशाचं बनलंय, हा दुसरा. पहिल्यावर माझ्या मते आता फारसा वाद उरलेला नाही. दुसऱ्याचं उत्तर कुणाकडेच नाही. ‘पुन्हा काहीच सापडलं नाही’ अशा ज्या बातम्या येतात त्या दुसऱ्या प्रश्नाच्या असतात, आणि वाचणारा त्या पहिल्याला लावून मोकळा होतो. मी हायड्रोजनच्या रेडिओ निरीक्षणांवर काम करतो, तेव्हा उत्तर त्या बाजूला थोडं कलणार, हे धरूनच वाचा.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो फळ्यावर सुटतो. सूर्याच्या आसपास कृष्णद्रव्याची घनता दर घनसेंटिमीटरला साधारण ०.३ ते ०.४ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट येते. जवळपासच्या ताऱ्यांच्या हालचाली आणि आकाशगंगेचं परिभ्रमण यांवरून हा आकडा काढतात. प्रोटॉनचं वस्तुमान एका गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किंचित आत. म्हणजे तीन घनसेंटिमीटर जागेत एका प्रोटॉनच्या वजनाएवढं. आता याला पृथ्वीच्या आकारमानाने गुणा. अख्ख्या पृथ्वीच्या पोटात कोणत्याही क्षणी असणारं कृष्णद्रव्य भरतं अर्धा-पाऊण किलो. नेपच्यूनच्या कक्षेएवढ्या गोलात ते सुमारे २ × १०^१७ किलो होतं, म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर व्यासाच्या एखाद्या लघुग्रहाइतकं. सूर्य आहे २ × १०^३० किलोचा. दहा हजार अब्जात एक भाग! ग्रहांच्या कक्षांवर त्याचा ठसा उमटेल तरी कसा?

मग आकाशगंगेच्या पातळीवर तेच द्रव्य वरचढ कसं ठरतं? कारण तारे फार विरळ आहेत. सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी ४.२ प्रकाशवर्षांवर. मधल्या प्रचंड पोकळीत ताऱ्यांचं वस्तुमान शून्य, पण कृष्णद्रव्य मात्र तीन घनसेंटिमीटरला एक प्रोटॉन या दराने भरलेलंच असतं. शिवाय तारे एका पातळ तबकडीत दाटलेत आणि कृष्णद्रव्य त्या तबकडीभोवती मोठ्या गोलात पसरलंय. सूर्य केंद्रापासून २६,००० प्रकाशवर्षांवर, सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरतो. वर्तुळाकार कक्षेचं अकरावीतलंच सूत्र लावून कक्षेच्या आतलं वस्तुमान काढायला सांगा: सुमारे शंभर अब्ज सूर्यांइतकं येईल. आकाशगंगेतले सगळे तारे आणि वायू मिळून मात्र साठ अब्जांच्या आसपासच भरतात, आणि त्यातलेही काही सूर्याच्या कक्षेच्या बाहेर आहेत. म्हणजे आपल्या दारातच हिशेब तुटायला सुरुवात होते, आणि बाहेर जावं तसा तो जास्त तुटत जातो.

पुराव्यांची यादी प्रत्येक पुस्तकात असते, त्यामुळे मी सगळी पुन्हा देत नाही. १९३३ साली अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या फ्रिट्झ झ्विकींनी कोमा गुच्छातल्या दीर्घिकांचे वेग पाहिले आणि म्हटलं, की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या जोरावर हा गुच्छ एकत्र टिकूच शकत नाही. त्यांचा तुटीचा आकडा बराच फुगलेला होता, कारण त्या काळी विश्वाच्या प्रसरणाचा दर आजच्यापेक्षा जवळपास आठपट जास्त धरत. पुढे गुच्छांमध्ये क्ष-किरण सोडणारा तापलेला वायू सापडला, आणि तो ताऱ्यांच्या कैक पट निघाला. ‘न दिसणाऱ्या’तला काही भाग असा दिसू लागला, हे मुलांना आवर्जून सांगा. पण तो वायू धरूनही गुच्छाच्या वस्तुमानाचा सुमारे पाच-षष्ठांश भाग अदृश्यच राहतो.

दीर्घिकांच्या परिभ्रमणावर मात्र मी थोडा रेंगाळणार.

सूर्यमालेत बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो आणि नेपच्यून साडेपाचसुद्धा नाही. वस्तुमान मध्यभागी एकवटलेलं असलं की बाहेरच्यांचा वेग असा उतरतो. दीर्घिकेतही तारे विरळ झाले की तो उतरायला हवा. वेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेचे वेग मोजले, ते उतरत नव्हते. रुबिन यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. पण माझ्या मते खरं शिक्कामोर्तब रेडिओ निरीक्षणांनी केलं, आणि हे श्रेय लोक सहसा विसरतात. ताऱ्यांचा प्रकाश जिथे संपतो तिथे दृश्य दुर्बिणीचं काम संपतं. हायड्रोजन वायू त्याच्या कितीतरी पुढे पसरलेला असतो, आणि तो १४२०.४ मेगाहर्ट्झला बोलतो, म्हणजे त्या वारंवारतेची रेडिओ लहर सोडतो. वर्णपटात ती एका रेषेसारखी दिसते. अल्बर्ट बोस्मा यांनी १९७८ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला आपल्या प्रबंधात अशा अनेक दीर्घिकांचे वेग बाहेरपर्यंत मोजले. आलेख सपाटच राहिले.

हे मोजमाप प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो, कारण ‘वेग मोजला’ या दोन शब्दांत फार काही दडलेलं असतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही दुर्बीण आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. हायड्रोजनची ही रेषा वायूच्या दर सेकंदाला एक किलोमीटर वेगामागे सुमारे ४.७ किलोहर्ट्झने सरकते. म्हणून वारंवारतेचा पट्टा बारीक बारीक चाळण्यांमध्ये विभागतात आणि प्रत्येक चाळणीची वेगळी प्रतिमा बनवतात. एका प्रतिमेत दीर्घिकेची आपल्याकडे येणारी कड उजळते, मधल्या प्रतिमांत मधला पट्टा, शेवटी दूर जाणारी कड. पहिल्यांदा ह्या प्रतिमा एकामागून एक सरकवून पाहताना दीर्घिका फिरते आहे हे डोळ्यांनाच कळतं. मग खरी कटकट सुरू होते. दीर्घिका आपल्याकडे किती कललेली आहे, बाहेरची तबकडी वाकलेली आहे का, छोट्या दीर्घिकेत वायूच्या स्वतःच्या सळसळीचा किती आधार धरायचा. कलाचा कोन चुकला तर वेग चुकतो, आणि वस्तुमान वेगाच्या वर्गात जातं. एखादा वेगाचा आलेख कुणी दाखवला, तर माझी नजर आधी कलाच्या कोनाकडे जाते.

सप्तर्षी तारकासमूहात, सुमारे एक कोटी प्रकाशवर्षांवर, एनजीसी ३७४१ नावाची एक बुटकी दीर्घिका आहे. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि इगोर कराचेन्त्सेव यांनी जीएमआरटीने तिचा हायड्रोजन पाहिला आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. चांदण्यांचा एक लहानसा ठिपका, पण वायूची तबकडी दीर्घिकेच्या दृश्य व्याप्तीच्या आठपटींहून लांबवर गेलेली. त्यामुळे वेग इतक्या बाहेरपर्यंत मोजता आले, की तेवढ्या तुलनात्मक अंतरापर्यंत क्वचितच कुणी पोचलं असेल. त्या वेगांवरून निघणारं वस्तुमान आणि तिचा निळा प्रकाश यांचं गुणोत्तर आलं १०७, सूर्याचं एक धरून. अशा दीर्घिकेतले तारे या गुणोत्तरात एखाद-दुसऱ्याची भर घालतात, आणि वायू सात-आठची. वायूचं वस्तुमान अंदाजाने धरावं लागत नाही. रेडिओ संकेताच्या तीव्रतेवरून ते सरळ मिळतं. ताऱ्यांच्या वस्तुमानात हवी तेवढी ओढाताण करा, बाकीच्या शंभरातला मोठा वाटा भरून निघत नाही. कृष्णद्रव्य ही कुठली तरी सैद्धांतिक गरज आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हीच दीर्घिका दाखवतो.

आता सूत्र चुकलं असेल तर? मुलांचा हा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, आणि तो हसण्यावारी नेऊ नका. मॉर्डेहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये नेमकं हेच सुचवलं. त्वरण १.२ × १०^-१० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या खाली गेलं, म्हणजे पृथ्वीवरच्या गुरुत्वत्वरणाच्या ऐंशी अब्जाव्या भागाच्या आसपास, की न्यूटनचा नियम बदलतो, असं त्यांचं म्हणणं. याला मॉन्ड म्हणतात. एकट्या दीर्घिकेपुरतं पाहिलं तर ते विलक्षण चालतं. दिसणारा पदार्थ कुठे किती आहे हे सांगा, की वेगाचा आलेख जवळपास बिनचूक निघतो, तोही एकाच स्थिरांकावर. स्टेसी मॅकगॉ, फेदेरिको लेली आणि जेम्स शोम्बर्ट यांनी २०१६ मध्ये दीडशेहून जास्त दीर्घिका एका आलेखावर मांडल्या. दिसणाऱ्या पदार्थाने जेवढं त्वरण यायला हवं ते एका अक्षावर, प्रत्यक्ष मोजलेलं दुसऱ्यावर. सगळे बिंदू एका अरुंद रेषेभोवती गोळा झाले. कृष्णद्रव्य मानणाऱ्यांना हा आलेख पचवावाच लागतो. न दिसणारं द्रव्य जर पाचपट असेल, तर दिसणारं द्रव्य त्याच्या चालीवर इतकं अचूक बोट कसं ठेवतं? दीर्घिका घडण्याच्या संगणकीय प्रतिरूपांतून याची उत्तरं दिली जातात. मला ती पुरेशी समाधानकारक वाटत नाहीत. या एका बाबतीत मॉन्डवाल्यांचं पारडं जड आहे, असं मी उघड म्हणतो.

पण मॉन्ड दीर्घिकेबाहेर पडलं की अडखळतं. दीर्घिकांच्या गुच्छांमध्ये मॉन्ड लावूनही जवळपास दुप्पट वस्तुमान कमी पडतं, म्हणजे तिथे काहीतरी अदृश्य मानावंच लागतं. बुलेट गुच्छाचं उदाहरण तुम्ही वर्गात दाखवत असालच. दोन गुच्छ एकमेकांतून आरपार गेले. वायू एकमेकांवर आदळून मागे रेंगाळला, दीर्घिका पुढे निघून गेल्या. साधं वस्तुमान बहुतेक वायूत असतं, तेव्हा गुरुत्वाचं केंद्र वायूवर असायला हवं होतं. २००६ मध्ये मागच्या दीर्घिकांच्या प्रतिमा किती वाकतात यावरून ते मोजलं, तर ते वायूपासून सरकून दीर्घिकांच्या बाजूला निघालं. नुसता नियम बदलून खेचणारं केंद्र खेचणाऱ्या पदार्थापासून बाजूला काढणं सोपं नाही. मात्र या एका चित्रावर सगळी भिस्त ठेवू नका, कारण अशा टकरींचं गणित गुंतागुंतीचं असतं आणि एका उदाहरणावर वकिली जास्त चालते.

माझ्या दृष्टीने निकाल लावणारा पुरावा दीर्घिकांमधला नाहीच. तो आहे विश्वाच्या ३,८०,००० व्या वर्षाचा.

तोवर विश्व म्हणजे प्रकाश आणि साधा पदार्थ यांचा एकजीव तापलेला रस होता. गुरुत्व त्याला आत दाबायचं, प्रकाशाचा दाब बाहेर ढकलायचा, आणि त्यातून ध्वनीसारख्या लाटा उठायच्या. विश्व पारदर्शक झालं त्या क्षणीचा या लाटांचा ठसा सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमी प्रारणात उमटून राहिला. २००९ मध्ये झेपावलेल्या प्लांक उपग्रहाने तो फार बारकाईने मोजला. आलेखात एकामागून एक शिखरं दिसतात: पहिलं आणि तिसरं दाबल्या गेलेल्या लाटांचं, दुसरं उसळून विरळ झालेल्या लाटांचं. प्रकाशाच्या दाबाला भीक न घालता नुसतं खेचणारं काही द्रव्य त्यात असेल, तर तिसरं शिखर उंच राहतं. नसेल तर बसतं. ते उंच आहे. या सगळ्या शिखरांच्या उंचीवरून हिशेब येतो: साधा पदार्थ सुमारे ४.९ टक्के, कृष्णद्रव्य सुमारे २६.५ टक्के, बाकी कृष्ण ऊर्जा, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणारी. म्हणजे एकास साडेपाचच्या आसपास.

आता गंमत पाहा. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत किती ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, तयार झालं हे साध्या पदार्थाच्या घनतेवर ठरतं. दूरच्या क्वासारांच्या, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांच्या, प्रकाशात वायूने शोषलेल्या रेषांवरून ते मोजतात. येते ती घनता सुमारे पाच टक्क्यांचीच. त्यात दीर्घिका नाहीत, वेग नाहीत, गुरुत्वाने प्रकाशाचं वाकणं नाही, फक्त अणुकेंद्रांचं भौतिकशास्त्र. गुच्छांमधला वायू आणि तारे तोलून एकूण वस्तुमानाशी भाग द्या, पुन्हा साधारण एक-षष्ठांश. पहिल्या काही मिनिटांचं अणुकेंद्रविज्ञान, पावणेचार लाखाव्या वर्षाच्या लाटा, आणि आजचे गुच्छ, ही तीन माणसं एकमेकांशी न बोलता एकच आकडा सांगतात. मुलांनी ‘कशाच्या जोरावर’ असं विचारलं की माझं उत्तर हे असतं. सपाट वेगांचा आलेख एकटा असता, तर मी स्वतः मॉन्डकडे झुकलो असतो.

आणखी एक हिशेब मुलांना करायला द्या. त्या ३,८०,००० व्या वर्षी घनतेतले चढउतार लाखात एक होते. त्यानंतर विश्व अकराशे पट प्रसरण पावलं, आणि साध्या पदार्थातले उंचवटे ढोबळमानाने त्याच पटीत वाढू शकतात. म्हणजे आज ते एक टक्क्याच्या आसपास पोचले असते. तशा विश्वात दीर्घिका नसत्या, आपणही नसतो. कृष्णद्रव्याला प्रकाशाने धरून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचे ढीग आधीच जमू लागले होते आणि साधा पदार्थ नंतर त्या खड्ड्यांत ओघळला. मॉन्डला जोडून हे सगळं बसवणारा सापेक्षतावादी सिद्धांत कॉन्स्टँटिनोस स्कोर्डिस आणि टॉम झ्लॉश्निक यांनी २०२१ मध्ये दिला खरा. पण त्यासाठी त्यांना विश्वात नवी भौतिक क्षेत्रं (फील्ड) घालावी लागली, आणि आरंभीच्या विश्वात ती क्षेत्रं कृष्णद्रव्यासारखीच वागतात. मग भांडण राहतं कुठे? त्याआधीचे बरेच सापेक्षतावादी अवतार तर १७ ऑगस्ट २०१७ ला एका फटक्यात गेले: तेरा कोटी प्रकाशवर्षांवरच्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून गुरुत्वलहरी आल्या आणि गॅमा किरण अवघ्या १.७ सेकंदांनी. लहरी आणि प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जायला हवेत असं सांगणाऱ्या सिद्धांतांना मग काही बोलायला जागा उरली नाही.

ईथरबद्दल. तुलना अगदीच चुकीची नाही, पण ती चुकीच्या ठिकाणी लागते. ईथर असेल तर पृथ्वीच्या गतीमुळे अमुक इतका फरक दिसेल, असं भाकीत होतं; १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ली यांनी मोजलं, दिसला नाही. कृष्णद्रव्याच्या गुरुत्वाने केलेली भाकितं मात्र खरी ठरत आली आहेत. त्या आरंभीच्या लाटांची खूण आजच्या दीर्घिकांच्या मांडणीत, एकमेकींपासून सुमारे पन्नास कोटी प्रकाशवर्षांवर, एका हलक्या उंचवट्याच्या रूपात दिसेल असं आधीच सांगितलेलं होतं. २००५ मध्ये ती सापडली. हलकी आहे हेच महत्त्वाचं. नुसता साधा पदार्थ असता तर तो उंचवटा कितीतरी ठळक दिसला असता. शिवाय न दिसणारा कण आधी हिशेबातून मानायचा आणि मग वाट पाहायची, हे भौतिकशास्त्रात आधी घडून गेलंय. पाउलींनी १९३० मध्ये न्यूट्रिनो सुचवला, सापडला १९५६ मध्ये. न्यूट्रिनो हे खरं तर कृष्णद्रव्यच आहे, फक्त फार हलकं आणि फार चपळ. सगळं कृष्णद्रव्य तसं असतं तर छोट्या दीर्घिका घडायच्या आधीच पुसल्या गेल्या असत्या.

ईथरची आठवण जिथे खरोखर यावी ती जागा म्हणजे विंप. हे प्रोटॉनच्या काही दहापट ते काही हजारपट जड, क्षीण बलाने वागणारे कल्पित कण. त्यांची भुरळ का पडली ते समजण्यासारखं आहे: असा कण आरंभी असता, तर आज तो जितका उरेल तो आकडा न मागता बरोबर येत होता. शिवाय महासममितीचे (सुपरसिमेट्रीचे) सिद्धांत, ज्यांत प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण मानतात, तसा कण फुकटात देत होते. जिनिव्हाजवळच्या एलएचसी या कणत्वरकात महासममितीचा कण दिसला नाही. जमिनीखालच्या प्रयोगांतही नाही. अमेरिकेत साउथ डकोटाच्या जुन्या सोन्याच्या खाणीत, जवळपास दीड किलोमीटर खोल, एलझेड हा प्रयोग आहे. त्याच्या टाकीत सात टन द्रवरूप झेनॉन जागतं ठेवलेलं असतं. एखादा कण झेनॉनच्या अणुकेंद्राला धडकला तर आधी एक क्षीण चमक होते, मग सुटे झालेले इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राने वर ओढले जाऊन दुसरी चमक देतात. दोन चमकांचं प्रमाण पाहून धडक अणुकेंद्राला होती की इलेक्ट्रॉनला, हे ओळखतात. खोल जायचं ते वैश्विक किरण टाळायला. २०२४ मध्ये २८० दिवसांच्या निरीक्षणांचा निकाल आला: काही नाही. इटलीतल्या ग्रान सासोचा झेनॉन-एनटी आणि चीनच्या जिनपिंगचा पांडाएक्स-४टी यांचंही तेच. उलट त्या दोघांना २०२४ मध्ये सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंच्या धडकांची चाहूल लागली. उपकरणं इतकी संवेदनशील झाली, की आता सूर्यच गोंगाट करू लागलाय. यापुढे त्या गोंगाटातून विंप निवडणं अवघड होत जाणार.

ग्रान सासोलाच डामा नावाचा प्रयोग अनेक वर्षं सांगत आला, की त्याच्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांतल्या नोंदी वर्षभरात वर-खाली होतात, आणि ते कृष्णद्रव्याच्या प्रवाहातून पृथ्वी फिरत असल्यामुळे. कल्पना सुंदर आहे. पण स्पेनमधल्या अनाइस आणि दक्षिण कोरियातल्या कोसाइन-१०० यांनी त्याच पदार्थाचे स्फटिक वापरून पाहिलं. ती चढउतार त्यांना मिळाली नाही. मी डामाचा विषय मिटला असं धरतो.

भारतात झारखंडच्या जादुगुडा युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर साहा अणुकेंद्र भौतिकी संस्थेची प्रयोगशाळा २०१७ पासून आहे. तिथे अतितप्त द्रवाचे थेंब वापरून हलक्या कणांचा माग काढतात: कण थेंबाला धडकला तर थेंबाचा बुडबुडा होतो आणि त्याचा आवाज टिपतात. पसारा लहान आहे, पण खाणीखाली असं काम करणारी माणसं तयार होणं हेच मोठं.

मला स्वतःला अॅक्सिऑन हा दुसरा, अतिशय हलका कल्पित कण जास्त खुणावतो, आणि त्यात माझ्या धंद्याचा पक्षपात आहे. तो मुळात कृष्णद्रव्यासाठी सुचवलेलाच नव्हता. तीव्र बल कण आणि प्रतिकण यांच्यात भेद का करत नाही, या वेगळ्याच कोड्यावर पेची आणि क्विन यांनी १९७७ मध्ये तोडगा काढला आणि त्यातून हा कण निघाला. वाइनबर्ग आणि विल्चेक यांनी तो १९७८ मध्ये ओळखला. तीव्र चुंबकीय क्षेत्रात अॅक्सिऑनचं रेडिओ लहरीत रूपांतर होऊ शकतं, आणि लहरीची वारंवारता त्याच्या वस्तुमानावर ठरते. एक मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे २४२ मेगाहर्ट्झ. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात एडीएमएक्स हा प्रयोग धातूची एक पोकळी थंड करून, तिचा सूर हळूहळू बदलत, साधारण ६५० मेगाहर्ट्झपासून एक गिगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात ऐकत आलाय. ज्या संकेताची वाट पाहायची त्याची शक्ती १०^-२३ वॉटच्या घरातली. अडचण अशी, की वस्तुमान कुठे असेल ते सिद्धांत नेमकं सांगत नाही, आणि मोठा पट्टा अजून कुणी ऐकलेलाच नाही.

आदिम, म्हणजे विश्वाच्या आरंभीच घडलेली, कृष्णविवरंच कृष्णद्रव्य असतील का, असं मुलं विचारतीलच, गुरुत्वलहरींच्या बातम्यांमुळे. पोलंडच्या ओग्ले गटाने मोठा मॅजेलॅनिक मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांवर वीस वर्षं नजर ठेवली, एखादं कृष्णविवर समोरून गेलं तर तारा काही काळ उजळतो म्हणून. २०२४ मध्ये त्यांनी सांगितलं, की ग्रहांपासून ताऱ्यांपर्यंतच्या वस्तुमानांची कृष्णविवरं सगळं कृष्णद्रव्य भरून काढू शकत नाहीत. लघुग्रहांएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवरांची शक्यता अजून मोकळी आहे.

वर्गासाठी एक सुचवतो. मॅकगॉ आणि मंडळींनी १७५ दीर्घिकांचे वेग स्पार्क नावाच्या संचात सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. साधी मजकूर फाइल असते, एक्सेलमध्ये उघडते. रकान्यांत केंद्रापासूनचं अंतर, मोजलेला वेग, त्याची त्रुटी, आणि मग वायू, तबकडी व मधला फुगवटा यांच्यामुळे यायला हवे ते वेग. एनजीसी ३१९८ घ्या, तिला फुगवट्याची भानगड नाही आणि वेग बाहेर १५० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. तबकडीचे आकडे वस्तुमान आणि प्रकाशाचं गुणोत्तर एक धरून दिलेत, तेव्हा वेगाचा वर्ग करून ०.५ ने गुणा, त्यात वायूच्या वेगाचा वर्ग मिळवा आणि वर्गमूळ काढा. मोजलेल्या वेगाशेजारी तो आलेख काढला, की फरक मुलांच्या स्वतःच्या हातून निघतो. वायूच्या रकान्यात एखाद्या दीर्घिकेत मध्याजवळ उणे आकडे दिसले तर फाइल बिघडली असं समजू नका. वायूच्या मध्ये पोकळी असली की तिथे तो बाहेरच्या बाजूला ओढतो. अशा ठिकाणी वर्ग करून मिळवायचा नाही, वजा करायचा.